वणव्यावरच्या गाड्या

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या मराठी मंडळींना नीलांबरी देवईकरबद्दल दोन गोष्टी हमखास माहीत असतात. एक, तिच्या हातची भाजी खाल्ली की नाकाडोळ्यांतून पाणी येतं. दोन, तिला एकदा पोलिसांनी नेलं होतं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी सांगताना लोक निम्मीच सांगतात, आणि नेमकी तिची बाजू येते तिथे त्यांना चहाची आठवण होते. मी त्या दिवशी तिच्या शेजारी उभी होते. उरलेली निम्मी मी सांगते.

नीलांबरी चंद्रपूरची. तिकडे कॉलेजात भूगोल शिकवायची. नवरा परीक्षित सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली ती इकडे आली, तशीच मीही आले होते. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायला मनाई. आमच्या डिग्र्या सूटकेसमध्ये आणि आम्ही दोघी भर दुपारी मॉलमध्ये. मला निदान गाडी चालवता यायची. तिच्याकडे एक जुना पेन्टॅक्स कॅमेरा होता आणि भरपूर राग.

२००१च्या उन्हाळ्यात मराठी मंडळाची ट्रिप डोंगरापलीकडच्या एका तळ्यावर गेली. सगळ्यांनी तळ्यासमोर उभं राहून एकमेकांचे फोटो काढले. ही बाई मात्र पेट्रोल पंपामागे गवतात उभ्या असलेल्या एका जुनाट ट्रकभोवती फिरत होती. गोल नाकाचा, मागे पाण्याची टाकी, दारावर गावाच्या अग्निशमन दलाचं पुसट नाव. रोल धुऊन आला तेव्हा परीक्षितचा त्यात एकच फोटो निघाला, त्यातही तो अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात मडगार्ड होतं.

तिचे वडील वनखात्यात रेंजर होते. उन्हाळ्यात पानगळ वाळून कोरडीठाक झाली की जंगलात वणवा लागायचा. खात्याकडे सैन्याने टाकून दिलेली एक विलीज जीप होती. मागे पाण्याची दोन पिंपं, त्यावर आग झोडपायला हिरव्या फांद्यांचे भारे, आणि भाऱ्यांवर बसलेली माणसं. एकदा धुरात रस्ता न दिसून ती सागावर आदळली, तेव्हापासून पुढचा बंपर डावीकडून वाकलेला. वडील गेले, जीप लिलावात गेली, आणि घरात त्या जीपचा एकही फोटो नव्हता. लग्नांचे होते, बारशांचे होते, ताजमहालापुढचेसुद्धा होते. ज्या गाडीने जंगल वाचवलं तिचाच नाही, असं नीलांबरी म्हणायची. म्हणताना तिचा आवाज चिडका व्हायचा. रडका झालेला मी कधी ऐकला नाही.

मग आमचा गुरुवार ठरला. नवरे ऑफिसला गेले की माझी कोरोला काढायची, घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या कोरड्या, पिवळ्या मुलखात उतरायचं. तिथे प्रत्येक गावाला आगीची भीती आणि प्रत्येक गावाचं आपलं स्वयंसेवी दल. शेतकरी, मास्तर, गॅरेजवाला, भोंगा झाला की सगळेच बंबावर. त्यांच्या जुन्या जीपा आणि ट्रक निवृत्त होऊन सफरचंदांच्या बागांत नाहीतर गवताच्या कोठारांत पडलेले असायचे. नीलांबरी दार वाजवायची, मालकाला विचारायची, मग फोटो काढायची. विचारल्याशिवाय तिने कधी बटण दाबलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

लोक आधी बावचळायचे आणि मग बुटांची जुनी खोकी बाहेर काढायचे. त्यांत काळेपांढरे फोटो असायचे. चाकांना साखळ्या बांधून धुरातून चढ चढणारा ट्रक. काजळलेल्या तोंडाने जीपच्या बॉनेटवर बसून हसणारी पोरं. ट्रकच्या मागच्या फळीवर कॉफीची किटली ठेवून सगळ्यांना कप भरून देणारी कुणाची तरी आई. नीलांबरी खिडकीच्या उजेडात त्या फोटोंचे फोटो घ्यायची आणि मूळ फोटो तिथल्या तिथे परत करायची. ज्याच्या गाडीचा फोटो काढला त्याला पुढच्या आठवड्यात टपालाने त्याची प्रत जायची. तिच्या दिवाणखान्यात देवाच्या कॅलेंडरशेजारी हळूहळू एक अख्खं अग्निशमन दल जमा झालं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही टॅमरॅक फ्लॅट नावाच्या गावी गेलो. तिथला अर्ल हा दलाचा जुना प्रमुख, सत्तरी ओलांडलेला. दलाच्या शेडमध्ये महायुद्धानंतर सैन्याने विकून टाकलेला डॉजचा ट्रक होता. चारही चाकांना जोर असलेला, ब्रशने लाल रंगवलेला. गावाला नवा ट्रक मिळणार होता आणि शेडमध्ये जागा एकाच गाडीची. डॉज पुढच्याच आठवड्यात भंगारात जायचा होता. नीलांबरीने त्याचे जुने फोटो मागितले. एकही नाही, अर्ल म्हणाला. आग विझवायला जाणारा माणूस कॅमेरा घेऊन जात नाही. हे ऐकून तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिच्या वडिलांच्या जीपचा फोटो काढायला विसरले होते.

तिने तो ट्रक चारही बाजूंनी टिपला. पाइपाचं रीळ टिपलं, अर्लला पायरीवर बसवून टिपलं. अर्ल जेवायला घरी गेला आणि सबंध शेड एका फोटोत यावी म्हणून ती रस्त्यापलीकडे गेली. शेडच्या मागे गावाच्या पाण्याची उंच टाकी होती. न्यूयॉर्कचे मनोरे पडून महिनाही झाला नव्हता. कुणीतरी फोन केला, की दोन सावळ्या परदेशी बायका फायर स्टेशनचे आणि पाण्याच्या टाकीचे फोटो काढतायत.

शेरीफचा डेप्युटी आला तो सभ्यपणेच बोलला. सभ्यपणेच आम्हाला गाडीत बसवून ऑफिसात नेलं आणि तेच ते प्रश्न संध्याकाळपर्यंत विचारले. फोटो कशाला, कुणासाठी, पैसे कोण देतं. त्याला वणवा कळत होता, पण चंद्रपूरची बाई इथल्या वणव्याच्या गाड्यांमागे का लागावी, हे काही कळत नव्हतं. कॅमेरा आतल्या खोलीत गेला आणि रिकामा होऊन बाहेर आला. अर्लने फोन करून आपण परवानगी दिल्याचं सांगितलं, तेव्हा आम्हाला सोडलं. रोल मात्र तपासणीसाठी राहील, म्हणाले.

घरी आल्यावर खरी सुरुवात झाली. परीक्षितच्या कंपनीत रोज कुणीतरी आपलं टेबल आवरून जात होतं आणि यांच्या ग्रीन कार्डची फाइल कुठेतरी मधोमध अडकलेली. तो घाबरला होता आणि त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष राजेश आपल्या गाडीला दोन अमेरिकन झेंडे लावून समजूत घालायला आला. दिवाळीच्या कार्यक्रमात नीलांबरीच्या फोटोंना एक भिंत देऊ केली होती, तिथे आता रांगोळीचं प्रदर्शन होणार होतं. "सगळ्या कम्युनिटीचा प्रश्न आहे, यार," तो परीक्षितला म्हणाला. "वहिनींना सांग, थोडे दिवस लो प्रोफाइल ठेवा. एक रोल तर आहे. जाऊ दे ना."

वहिनी समोरच बसल्या होत्या. संतापली की हिच्या तोंडात चंद्रपूर येतं.

"काहून जाऊ देऊ?" ती म्हणाली. "चोरी केली का मी? विचारून फोटो काढला. तो ट्रक भंगारात गेला असंल आता. त्याचा फोटो फक्त त्या रोलमध्ये आहे. रोल माझा आहे, मी आणणार."

आणायचा कसा, हे तिला आधीच माहीत होतं. वडील गेल्यावर आईच्या पेन्शनसाठी ती कॉलेजात असताना ट्रेझरीत खेटे घालायची. तिथे ती एक गोष्ट शिकली होती. भांडायचं नाही, रडायचं नाही. कारकुनाच्या बरोब्बर समोरच्या बाकावर जाऊन बसायचं आणि त्याच्या नजरेसमोरून हलायचं नाही. मधल्या सुट्टीत त्याला डबा आपल्यासमोर उघडावा लागला की चार-सहा आठवड्यांत त्याचा घास अडकू लागतो.

तर आमचे गुरुवार पुन्हा सुरू झाले, फक्त आता शेरीफच्या ऑफिसात. माझ्या नवऱ्याला मी सफरचंदं आणायला जाते असं सांगायचे, आणि घरात इतकी सफरचंदं साठूनही त्याने एकदाही विचारलं नाही, यावरून त्याला सगळं ठाऊक असणार. काउंटरवर डोना नावाची बाई होती. तिने काय मदत करू म्हणून विचारलं. नीलांबरीने सांगितलं, माझा रोल. डोनाने फोन नंबर दिला, अर्ज दिला, वरच्या ऑफिसचा पत्ता दिला. नीलांबरीने सगळं घेतलं, थँक यू म्हटलं आणि समोरच्या बाकावर बसली. साडीवर परीक्षितचा जाड कोट, पायांत बर्फाचे बूट, मांडीवर पोळीभाजीचा डबा. मी शेजारी बसून मासिकं चाळायची. घाटात बर्फ साचला तेव्हा मी चाकांना साखळ्या चढवायला शिकले. हात बधिर व्हायचे आणि मी मराठीत शिव्या द्यायची. ती टॉर्च धरून म्हणायची, बघ, फोटोतल्या ट्रकसारखी दिसतेस.

मला विचाराल तर त्या हिवाळ्यात मी या देशात पहिल्यांदा सुखाने जगले. कुणाच्या तरी समोर बसून नाही म्हणण्यात केवढी ऊब असते.

जानेवारीच्या शेवटी डोना आमच्यासमोर सँडविच खाईनाशी झाली. आत जाऊन खायची. मग एकदा आम्ही तिला आतमध्ये मोठ्याने बोलताना ऐकलं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी डेप्युटी स्वतः बाहेर आला आणि त्याने काउंटरवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. यात काही आक्षेपार्ह सापडलं नाही, तो म्हणाला.

नीलांबरीने पिशवी उजेडात धरली. रोल डबीबाहेर ओढून काढलेला होता, वेटोळं होऊन पडलेला. कुणीतरी कॅमेऱ्याचं मागचं झाकण तसंच उघडलं होतं. उजेड लागला की फिल्मवरचं सगळं जातं, हे मलासुद्धा कळतं. तिचा चेहरा उतरला. तो क्षण मी विसरणार नाही, कारण तिचा उतरलेला चेहरा मी तेवढाच पाहिला. मग तिने डेप्युटीकडे बघितलं.

"काही सापडणार कसं?" ती म्हणाली. "तुम्ही आधी पुसलंत आणि मग शोधलंत."

त्याने सहीसाठी पावती पुढे सरकवली. आम्ही तिथून टॅमरॅक फ्लॅटला गेलो. शेडमध्ये नवा ट्रक चकचकत होता आणि डॉज केव्हाच गेला होता. गाडीत मी रागाने रडले. बेलव्ह्यू आल्यावर नीलांबरी म्हणाली, औषधांच्या दुकानात थांब. तिथे फोटो धुऊन मिळायचे. रोल धुऊन झाल्यावर काउंटरवरच्या बाईने परोपरीने सांगितलं, की निगेटिव्ह नुसती काळी आहे, प्रिंट कोरी येईल, पैसे फुकट जातील. नीलांबरी म्हणाली, छापा. मोठ्या साइझमध्ये छापा.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात राजेशने तिला भिंत परत दिली. थंडी ओसरली होती, लोकांची भीतीही थोडी ओसरली होती, आणि जुन्या अमेरिकन गाड्या मुलांना आवडतील असा त्याचा हिशेब. ग्रीन कार्ड या लोकांना पुढे यथावकाश मिळालं. त्या रोलबद्दल मुलाखतीत कुणी चकार शब्द काढला नाही. पण पाडव्याला हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून परीक्षितने जे केलं त्याला मी मान देते.

शाळेच्या हॉलमध्ये वरच्या ओळीत खोक्यांतले जुने फोटो होते, खालच्या ओळीत त्याच गाड्या आजच्या, गवतात नाहीतर बागेत उभ्या. आणि मधल्या ओळीत चौकटींमध्ये नुसते पांढरे कागद. प्रत्येकाखाली चिठ्ठी. डॉज, समोरून. डॉज, पाण्याची टाकी. डॉजच्या पायरीवर अर्ल. सगळ्या चिठ्ठ्यांवर खाली एकच ओळ होती, मराठीत आणि इंग्रजीत: हा फोटो परवानगी घेऊन काढला होता.

लोक जिलबीच्या बश्या घेऊन यायचे, वाचायचे आणि पुन्हा पहिल्या चौकटीपासून वाचायचे. राजेश आला तो लालबुंद होऊन. मधली ओळ आत्ताच्या आत्ता काढा म्हणाला, कोरे कागद काय लावता, कुणी पाहुण्याने कम्प्लेंट केली तर. तो पहिल्या चौकटीला हात घालणार तेवढ्यात परीक्षित मध्ये येऊन उभा राहिला. सहा महिने ज्याने या विषयावर बायकोशी धड बोलणं टाळलं, तो परीक्षित.

"राहू दे, राजेश," तो म्हणाला. "खिळे मी ठोकलेत."

मागून कुणीतरी घसा खाकरला. अर्ल होता, इस्त्रीच्या शर्टात, बायकोला घेऊन आलेला. नीलांबरीने त्याला आमंत्रण पाठवलं होतं. तो डॉजच्या चौकटीसमोर गेला, चष्मा लावला आणि त्या पांढऱ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला.

"हो," तो बायकोला म्हणाला. "आपलाच आहे हा."

आणि तो बोटाने दाखवू लागला. इथे पाइपाचं रीळ. इथे टाकी, तिला खाली डाग दिलेला. हा दरवाजा कधीच नीट लागला नाही. जिलबी खाणारी पोरं जवळ सरकली आणि खरंच बघायला लागली. राजेशचा हात आपोआप खाली आला.

अर्ल शेवटच्या चौकटीपाशी पोचला. तिच्यातला कागदही पांढराच होता, पण त्याची चिठ्ठी वेगळी होती. विलीज जीप, चंद्रपूर. फोटो कुणी काढलाच नाही. ही कुणाची, अर्लने विचारलं.

नीलांबरी पुढे झाली. त्या बाईला मी पोलिसांसमोर बघितलं होतं, घाटात बर्फात बघितलं होतं. इतकं हळू चालताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. तिने बोट काचेवर डावीकडे टेकवलं.

"माझ्या बाबांची," ती म्हणाली. "हा बंपर बघा. इथे वाकलाय."