मॅडमचं ऐकणं

मुलाखती घेणं हे मॅडमचं काम आणि ऐकणं हा त्यांचा बाणा. माणसांशी बोलून करायचं संशोधन माणसानंच करावं, एआयला त्यात बोटही घालू देऊ नये, असं मॅडम विद्यापीठातल्या आपल्या विभागात उठता-बसता सांगत. आज त्यावरच जाहीर वाद ठेवला होता. पहिल्या रांगेत त्यांची धाकटी नणंद बसली होती. तिनं नर्सची नोकरी तडकाफडकी सोडली होती आणि कारण घरात कुणालाच कळलं नव्हतं. मॅडमनी तिची मुलाखत घेतली, "मौन हीच तिची भाषा" असं पुस्तकात लिहिलं आणि नाव कमावलं.

"यंत्राला मौन कळेल का?" मॅडमनी टेबलावर हात आपटला. टाळ्या पडल्या.

समोरचा तरुण प्राध्यापक यंत्राचा भक्त. एवढा, की बायको रुसली तरी तिच्या रुसव्याचा सारांश मागवील. त्यानं त्याच मुलाखतीचं विभागात जपलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. नणंद "लावा की" म्हणालीच होती.

"नोकरी का सोडलीस?" हा मॅडमचा आवाज.

"वहिनी, त्या दिवशी वॉर्डात..."

"म्हणजे तुझी घुसमट झाली."

"तसं नाही गं, त्या दिवशी..."

"ताण असह्य झाला. कळतंय मला. मग?"

मग काही नाही. नुसता पंख्याचा आवाज. हेच ते गाजलेलं मौन!

हशा पिकला. प्राध्यापकानं ऐटीत यंत्राचा निष्कर्ष पडद्यावर आणला: "मोकळा आणि आश्वासक संवाद." मग लोक त्यालाही हसले.

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विद्वत्ता गेली खड्ड्यात; घरचं माणूस सांगायला आलं होतं आणि आपण त्याचं तोंड बंद केलं. कार्यक्रम संपताच त्यांनी नणंदेला जिन्यात गाठलं.

"काय झालं होतं गं त्या दिवशी? शपथ, मध्ये बोलणार नाही."

"तेव्हा सांगायचं होतं, वहिनी. मोठ्या धीरानं आले होते." नणंदेनं पर्स खांद्याला अडकवली. "आता नको."

मॅडम रिकाम्या सभागृहात परतल्या. प्राध्यापक वायरी गुंडाळत होता.

"वाक्य अर्धं राहिलं असेल तर हे पुढचं सुचवतं," तो म्हणाला आणि कुणी न विचारताच त्यानं बटण दाबलं. पडद्यावर तीन शक्यता आल्या: चुकीचं औषध, डॉक्टरनं धरलेला हात, एका लहान मुलाचं मरण.

मॅडमनी चष्मा पुसून तिन्ही वाचल्या. मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, "आणखी देईल का?"