डाव्या कानाचे माप

१८ जून २०२४, मंगळवार. काशम्मा बिराजदार यांनी जोतिराम ताकभाते यांच्या टेबलावर एक हजार सातशे पन्नास रुपये मोजून ठेवले. दोन कानांच्या दोन मोल्डचे, म्हणजे श्रवणयंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यांचे पैसे. नात शिवलीला कडेवर होती. वय अडीच वर्षे. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत, आणि ती अक्कलकोटच्या पुढे गावात आजीजवळ.

जोतिराम मूळचा वैरागचा. एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात आला आणि दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला लागला. चौदा वर्षे त्याने लोकांचे दात घासले. पुढे श्रवणयंत्रे लावणाऱ्या ऋतुजा मॅडमना कानाचे मोल्ड पुण्याहून मागवावे लागत, पंधरा-पंधरा दिवस जात. त्यांनी विचारले, हे तुम्हाला जमेल का? जोतिराम म्हणाला, "तोंडातलं बसवतोय, मग कानातलं का नाही बसणार?" तेव्हापासून रेल्वे लाइन्स भागातल्या एका दहा बाय बाराच्या गाळ्यात त्याचे हेच काम चालू आहे.

मोठ्या माणसाचा मोल्ड एकदा केला की दोन-तीन वर्षे पाहायला नको. लहान लेकराचे तसे नाही. कान वाढतो, मोल्ड सैल होतो, यंत्रातला आवाज फटीतून बाहेर पडून पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. त्यामुळे चार-सहा महिन्यांनी नवे माप घ्यावे लागते. जोतिराम माप घेताना आधी दोरा बांधलेला कापूस कानात सरकवतो, मग मऊ लगदा भरतो आणि पाच मिनिटे लेकराला कसेही करून गप्प बसवतो. तयार मोल्ड तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघतो. तिथली कातडी पातळ असते, जराही टोचले तर कळते. ही त्याची कवळीच्या दिवसांपासूनची सवय.

काशम्मांची अडचण वेगळीच होती. यंत्रे बेचाळीस हजारांची. यंत्रे विकणाऱ्या दुकानदाराने सांगितले होते, पोरीला सोसली नाहीत तर १५ जुलैपर्यंत परत घेऊ, चार हजार कापून. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, घालत न्हाय तर परत दे. अडतीस हजार तरी सुटतील." ऋतुजा मॅडम म्हणत होत्या, तीन वर्षांच्या आत कानावर शब्द पडले पाहिजेत, उशीर झाला की बोलणे मागे पडते. म्हणजे पोरीने पंधरा जुलैच्या आत यंत्र कानात ठेवले तर ठेवले, नाहीतर यंत्रे दुकानात परत जायची.

मोल्ड तयार झाले, काशम्मा घेऊन गेल्या. २८ जूनला त्या परत आल्या. यंत्र लावले की पोरगी किंचाळायची, ओढून काढायची. काशम्मांचे मराठी कामापुरते. बाजार, एसटी, दवाखाना तेवढ्यात भागे. घाई झाली की मात्र कानडी वर येई.

"मशीन घातलं की रडतंय बघा. येडगिवी री, येडगिवी!"

जोतिरामच्या कपाळाला आठी पडली. "आजी, लेकराला असं बोलायचं न्हाय."

"व्हय की, येडगिवीच! बघा की तुमी!"

"बघतो. पण तिला येडगी म्हणू नका. ऐकू येत न्हाय म्हणून काय येडी झाली व्हय ती?"

काशम्मा त्याच्याकडे बघतच राहिल्या. हा माणूस का चिडला, हे त्यांना कळेना. त्यांनी पोरीला धरून पुढे केले.

जोतिरामला चिडायला कारण होते. त्याचा धाकटा भाऊ सयाजी जन्मापासून बहिरा. वैरागच्या बाजारात त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे येड्या म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी घरातलेच म्हणायचे. हे जोतिराम कधी कुणाला सांगत नसे, पण तो शब्द कानावर आला की त्याचे डोके फिरे.

त्या दिवशीही फिरले. पोरगी हातपाय झाडत होती, कानात टॉर्च मारू देईना. टोचते ते उजवीकडेच असे त्याला वाटले. त्याने उजवा मोल्ड काढला, वरची कड अर्धा मिलिमीटर घासली, मनगटावर फिरवून पाहिली आणि परत दिला. पोरीच्या नावाच्या कार्डावर लिहिले: उजवा टोचत होता, घासला. काशम्मांनी पैसे विचारले. तो म्हणाला, "न्हाय लागत," आणि पुढचे काम हातात घेतले.

८ जुलैला दुपारी शेजारचा झेरॉक्सवाला बिरप्पा चहा घेऊन आला. बोलता बोलता जोतिराम म्हणाला, "कसले लोक असतात बघ. सख्खी आजी, आणि नातीला माझ्यासमोर येडगी येडगी म्हणती."

"कुठली आजी?"

"अक्कलकोटकडची. सारखं आपलं येडगिवी, येडगिवी."

बिरप्पाच्या हातातला चहा सांडायचा राहिला. तो हसत सुटला. "अरे जोत्या, तीस वर्षं सोलापुरात राहून गाढवच राहिलास की! येडगिवी म्हणजे डावा कान! येड म्हणजे डावं, किवी म्हणजे कान. ती बाई तुला कुठं दुखतंय ते सांगत होती, आणि तू तिला शहाणपण शिकवलंस?"

जोतिराम हसला नाही. त्याने कार्ड काढले. डाव्या कानाबद्दल त्यावर एक अक्षर नव्हते. मग आठवले, डाव्या कानाचे माप घेताना पोरीने मान फिरवली होती. तिथे मोल्डला गाठ आली असणार. आणि उजवा, जो बरा होता, तो आपण घासून सैल केला. म्हणजे आता दोन्ही कान गेले.

कार्डावर नंबर काशम्मांच्या मुलाचा होता. त्याने लगेच फोन लावला.

"यंत्रं परत द्यायचं ठरलंय," मुलगा म्हणाला. "सोमवारी आई दुकानात येणार हाय."

"तुमच्या पोरीची चूक न्हाय. माझी हाय. मोल्ड मी चुकीचा केला."

"मग आता?"

"आईला गुरुवारी लावून द्या. नवे दोन्ही करून देतो, पैसे न्हाय. तिकीटही माझ्याकडून. एवढं करून न्हाय घातलं तर सोमवारी खुशाल परत द्या."

गुरुवारी, ११ तारखेला काशम्मा सव्वादहालाच दारात उभ्या होत्या. जोतिरामने आधी हात जोडले. "आजी, चुकलं माझं. मला वाटलं तुमी पोरीला येडी म्हणताय."

काशम्मांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. "अय्यो! म्हणून वरडलासा व्हय माझ्यावर! मी घरी जाऊन म्हटलं, मास्तर लई तापट हाय, पुन्हा जायचं न्हाय."

"आता येडगिवी दाखवा."

पोरीला मांडीवर आडवे घेऊन काशम्मांनी डोके दाबून धरले. डाव्या कानाच्या वरच्या घडीत तिळाएवढा लाल डाग होता, साल गेलेले. जोतिरामने दोन्ही कानांची मापे नव्याने घेतली. या वेळी लगदा वाळेपर्यंत शिवलीलाच्या हातात लगद्याची रिकामी डबी दिली. ती झाकण लावण्यात आणि काढण्यात गुंतली, मान हलली नाही. डागाच्या जागी त्याने मोल्ड मुद्दाम पातळ ठेवला. दुपारी काशम्मांनी बाकावर बसून भाकरी खाल्ली, पोरगी तिथेच झोपली. मोल्ड पावणेचारला तयार झाले.

"आधी बलगिवी घाला," काशम्मा म्हणाल्या.

"म्हणजे उजवा?"

"शिकलासा की!"

उजवा बसला. डावा घालताना पोरीने त्याचा हात धरला, ओठ काढले, पण रडली नाही. यंत्रे चालू केली. शिट्टी नाही. तिने एकदा कानाला बोट लावले आणि पुन्हा डबीकडे वळली. चाळीस मिनिटे तिघेही तसेच बसून राहिले. तिने यंत्र काढले नाही.

सोमवारी, १५ जुलैला काशम्मा दुकानात गेल्या नाहीत. ऑगस्टमध्ये ऋतुजा मॅडमनी यंत्र संगणकाला जोडले, तेव्हा दिवसाला सरासरी साडेपाच तास वापर निघाला. आठ हवेत, असे त्या म्हणाल्या. मुलाने पुण्याहून पुन्हा परत देण्याचा विषय काढला नाही.

जोतिराम आता कार्डावर उजवा-डावा लिहिण्याआधी आईबापांना किंवा आजीला कानाला हात लावून दाखवायला सांगतो. मराठी येत असले तरी सांगतो.

११ जुलैला पाचची एसटी गाठायच्या घाईत काशम्मा तिकिटाचे पैसे न घेताच निघून गेल्या. बायकांच्या अर्ध्या तिकिटाने जाऊन-येऊन ऐंशी रुपये होतात. ते जोतिरामने अजून दिलेले नाहीत.