आत्याबाईंना मी फोटोतून काढलं

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीमागं एक वाचनालय आहे. तिथल्या वरच्या खोलीत आम्ही काही म्हाताऱ्या बाया दर बुधवारी मोबाईलवर फोटो जोडायला शिकतो. ह्या फोटोतला माणूस उचलून त्या फोटोत बसवायचा, विजेचा खांब पुसायचा, आभाळ बदलायचं, असलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांचा एक नियम आहे. ग्रुपवर कुणी फोटो टाकला की नुसता अंगठा द्यायचा नाही, हात जोडायचे नाहीत, फूल पाठवायचं नाही. एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक सुधारायची. सुरुवातीला बाया लई हिरमुसल्या. जन्मभर एकमेकींच्या भाजीला "छान झालीय" म्हणत आलेल्या, आता एकदम खरं कुठून बोलायचं? मला मात्र नियम आवडला. दुसऱ्याची चूक काढायला मला पहिल्यापासून आवडतं.

दिवाळीनंतर मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकीनं एक फोटो तयार करा. मोठा छापून इथं भिंतीवर लावू." माझं आधीच ठरलेलं होतं. मला आमच्या ह्यांच्या शेजारी बसायचं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा संसार झाला आणि शेजारी बसलेला एक फोटो नाही? नाही. लेकरं झाल्यावरच्या सगळ्या फोटोंत आमच्या मधे कुठलं ना कुठलं लेकरू आहे. लेकरं मोठी झाली तर केक आहे. हे गेल्यावर सगळे अल्बम उलटेपालटे केले, तेव्हा हे ध्यानात आलं. उरला तो लग्नानंतरचा, देवगाव रंगारीला घरापुढं काढलेला. फोटोवाला कन्नडहून आला होता. शाळेतून खुर्च्या आणल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे, आणि मधल्या खुर्चीवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. घरातलं मोठं माणूस मधेच बसणार, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. आत्याबाईंनी एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवलाय, वासराचं दावं धरावं तसा.

आणि ती मी! नथ ओठाला टेकलेली, मान अशी खाली, जणू चप्पल चोरीला गेलीय नि ही बया ती शोधतेय. फोटोवाला ओरडून दमला, "वहिनी, वर बघा!" ही बघेना. वर बघितलं तर चुकून नवरा दिसेल. अगं येडे, तेवढ्यासाठीच तर तुला आणली होती!

तर आत्याबाईंना काढायचं ठरवलं. काम सोपं असतं. नको तो माणूस बोटानं रंगवायचा की तो गायब होतो आणि मागची भिंत फोन आपणच भरतो. जिवंतपणी ज्यांच्यापुढं माझा आवाज फुटला नाही, त्या दोन मिनिटांत गेल्या. मग ह्यांची खुर्ची उचलून माझ्या खुर्चीला भिडवली. नुसतं बघत बसले. लाजले म्हणायलाही हरकत नाही. ती खुर्चीवरची काही लाजायची थांबली नव्हती, आता आम्ही दोघी लाजत होतो.

ग्रुपवर टाकला. लगेच एकीचं आलं. चांगली गोष्ट, जोडी शोभते. सुधारायची, आजी, तुमच्या गुडघ्यावर बोटं कुणाची?

बघते तर खरंच. आत्याबाई गेल्या, पण चार बोटं माझ्या गुडघ्यावर राहिली होती. बोटं पुसायला गेले तर गुडघा गेला. गुडघा परत आणला तर बोटंही आली. दुपारभर तेच चाललं. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की हा फोटो मी भावकीच्या ग्रुपवरही धाडून ठेवलाय. क्लासचा ग्रुप आणि भावकीचा ग्रुप फोनात वर-खाली आहेत, बोट घसरलं असणार. घाईनं पुसायला गेले आणि फक्त माझ्याच फोनातून पुसला. बाकी सगळ्यांच्या फोनात मी ह्यांना चिकटून तशीच बसलेली.

एका दिरांनी लिहिलं, "वहिनींनी शेवटी वाटणी करून घेतली." एका पुतण्यानं आजीचा पत्ता विचारला. मी काही उत्तर लिहायच्या आत फोन वाजला. ह्यांची धाकटी बहीण. त्यांना गावातच दिलेलं, मी त्यांना वन्सं म्हणते.

"वहिनी, माय कुठंय?"

"कोण माय?"

"माझी माय! सुनंनं आत्ता फोटो दाखवला. तुम्ही दादाजवळ बसल्या, अन् माझी माय कुठं घातली?"

"वन्सं, अहो त्या कागदावर आहेत. हे नुसतं फोनातलं."

"एकच तर फोटो हाय तिचा जगात. त्योबी पुसला तुम्ही?"

मी समजावलं, पुन्हा समजावलं, शपथ घातली. पुसलं म्हणजे पुसलं, हे त्यांचं. त्यांनी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं थेट दारात. हातात पिशवी, चेहरा असा की पाणीही विचारायची सोय नाही. मी मुकाट्यानं कपाट उघडलं आणि जुन्या खणात गुंडाळलेला फोटो पुढं ठेवला. वन्संनी आत्याबाईंच्या अंगावरून अंगठा फिरवला, रंग निघतोय का बघावं तसा. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "च्या टाका."

मला वाटलं, सुटले. चहा घेताना त्या फोटोकडंच बघत होत्या.

"त्या दिवशी मीबी तिथंच व्हते," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"फोटोवाल्याच्या मागं. माझं परकर-पोलकं फाटकं व्हतं. माय म्हणाली, तू सरक बाजूला. उन्हात उभी राहून बघत व्हते तुम्हाला." कप खाली ठेवला. "वहिनी, तुम्हाला मायला काढता येतं, तर मला घालता येत नाय का?"

वन्संचा लहानपणीचा एकही फोटो नाही. उचलायचं कुठून?

बुधवारी त्यांना क्लासला घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, वर्णन सांगा, फोन मुलगी तयार करून देईल. सांगितलं. फोननं एक मुलगी दिली. गोरीपान, गालाला खळी, दोन वेण्यांना रेशमी फिती, परकराला दोन ठिगळं, तीही इस्त्री केलेली.

"ही कुणाची पोरगी?" वन्संनी विचारलं.

"तुम्हीच. फोन म्हणतो तसं."

"त्याला काय ठावं? माझे दात पुढं व्हते."

मॅडमनी दात पुढं करायला सांगितलं. दात आले, पण नाक बदललं. नाक नीट केलं तर पोरीचं वयच वाढलं. वन्सं तोंडात पदराचं टोक धरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. नसती तकलीफ."

मला राहवलं नाही. घरी आल्यावर त्यांना गच्चीवर उभं केलं, आहेत तशाच, डोक्यावर पदर घेतलेल्या, आणि फोटो काढला. मूळचा फोटो फोनात घेतला, आत्याबाई होत्या तिथंच ठेवल्या, आणि वन्संना विचारलं, "कुठं उभं करू?"

"मायजवळ."

मायजवळ म्हणजे आत्याबाईंच्या नि माझ्या मधे. जागा करायला मला बाजूला सरकवावं लागलं. सरकता सरकता माझा अर्धा चेहरा फोटोबाहेर गेला. तो काही बघण्याजोगा नव्हता म्हणा. पण हे आता पार पलीकडं राहिले, आधीहून लांब. मधे दोन बाया.

वन्संनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"माय केवढीशी हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंएवढी असंल."

खरंच की. जिला बघून माझं पाणी व्हायचं, ती फोटोतली बाई आज माझ्या लेकीहून लहान दिसत होती.

"मीच तिची माय दिसते," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

संध्याकाळी तो ग्रुपवर टाकला. ह्या वेळी नाव दोनदा वाचून. वन्सं शेजारीच बसल्या होत्या, त्यांचा चष्मा गावाकडं राहिलेला. उत्तरं आली. चांगली गोष्ट, जुना फोटो छान स्वच्छ झालाय. सुधारायची, मधे उभ्या असलेल्या आजी मिसळत नाहीत, त्यांची सावली उलट्या बाजूला पडते, त्यांना काढा. दुसरीचंही तेच. तिसरीनं तर काढायचं कसं तेही लिहिलं. मॅडमनी लिहिलं, पुन्हा एकदा विचार करून बघा. बरोबर होतं सगळ्यांचं. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर हे मीच सगळ्यांच्या आधी लिहिलं असतं, आणि चवीनं.

"काय म्हणतेत बाया?" वन्संनी विचारलं.

"म्हणतेत, फोटो लई स्वच्छ झालाय."

"अन् माझं?"

मी फोनकडं बघितलं. "सगळ्या तुमच्याबद्दलच बोलतेत, वन्सं."

"व्हय?" त्यांनी पदर सारखा केला, जणू बाया समोर येऊन बसल्यात. "मंग ह्योच छापा."

मॅडमनी विचारलं होतं, छपाईला कुठला देऊ. आमच्या दोघांचा फोनात तसाच होता, बोटांसकट. तो एकदा उघडला. इतक्यांदा बघून मला वाटायला लागलं होतं की त्यात हे माझ्याकडं बघतायत. मिटवला. मॅडमना लिहिलं, चौघांचा द्या.

"मोठा येईल ना?" वन्सं विचारत होत्या. "दारातून दिसंल एवढा?"

"येईल की," मी म्हटलं.