दोघांत एक वजीफा

वजीफ्याचा अर्ज केव्हा करायचा, हे पाथरीच्या तहसिलीत बसून मी इतक्या लोकांना सांगितलंय की आजही झोपेत विचारलं तर सांगेन. पंचावन्न भरायच्या सहा महिने आधी. भरल्यावर नाही, भरायच्या आधी! पण ऐकतंय कोण? नोकरी सुटायची, दोन-तीन महिने जायचे, घरातली कणगी तळाला लागायची, आणि मग लोक माझ्यासमोर उभे राहून मलाच विचारायचे, "आता कसं करावं, साहेब?" पेन्शनला तेव्हा आमच्याकडे वजीफा म्हणत. राज्य निजामाचं, कागद सगळे उर्दूत, आणि वजीफ्याच्या कागदांचा कारकून मी. वय तिशीच्या आत आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

कागद तसे चारच लागत. अर्ज, नोकरीचा तक्ता, दोन भल्या माणसांची साक्ष आणि हुलिया. या हुलियापाशी सगळ्यांचं घोडं अडायचं. त्या काळी फोटो कुठले? माणूस नोकरीला लागला की त्याच्या अंगावरची खूण लिहून ठेवत. कुणाच्या मानेवर तीळ, कुणाचं बोट तुटकं. वजीफा मागायला आला की ती खूण समोरच्या अंगावर आहे का, ते बघून मी 'ताडून पाहिलं' असं लिहायचो. लोकांना कचेरीत सदरा काढून उभं राहायची भारी लाज वाटे. मला त्याचं काही वाटत नसे, कारण सदरा काढायचा मला नव्हता.

एका सकाळी दोन म्हातारे आले. धोतरं स्वच्छ, दोघांची पागोटी सारखीच, डाव्या भुवईवर ओढलेली. चेहरेही इतके सारखे की एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. पुढं झाला त्यानं अर्ज ठेवला. मी तारखा पाहिल्या आणि खुर्चीतून उठायचाच राहिलो. सहा महिने आधी! माझ्या नोकरीत वेळेवर आलेला हा पहिला माणूस.

"शाब्बास!" मी म्हणालो. "आता तुमचा अर्ज?" असं दुसऱ्याला विचारलं.

"ह्योच की, साहेब."

"हा यांचा. तुमचा कुठंय?"

"दोघांचा येकच हाय. नोकरी येकच हाय ना."

मला वाटलं, थट्टा करायलेत. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती. दोघं भाऊ. आडरस्त्यावरच्या डाकबंगल्यावर थोरला चौकीदार म्हणून लागला होता. घरी थोडी जमीन आणि राबायला हे दोघंच. थोरल्यानं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आमच्या गावात पाटीलकीची पाळी फिरतीया. येक साल थोरल्या घरी, येक साल धाकल्या घरी. आमी म्हनलं, सरकारची नोकरीबी तशीच. येक म्हैना मी बंगल्यावर अन् ह्यो वावरात. दुसऱ्या म्हैन्यात ह्यो बंगल्यावर अन् मी वावरात. सत्तावीस वर्सं येक दिवस खाडा न्हाई, इचारा कुणालाबी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ही काय पाटीलकी आहे? नोकरी माणसाची असते, घराची नसते! कुणाला सांगितलंत हे?"

"कुनी इचारलंच न्हाई," धाकटा म्हणाला.

खरं होतं. साहेब लोक बंगल्यावर वर्षातून दोनदा यायचे. त्यांना पागोटं दिसे, सलाम दिसे, आंघोळीला ऊन पाणी मिळे. पागोट्याखाली कोण आहे हे बघायची गरज कुणाला होती? आणि हे दोघं इतके भोळे, की वजीफ्याची सकाळ आली तर दोघं मिळून आले. दोघांनी राबायचं, मग दोघांनी मागायचं.

माझा आवाज चढला होता. पलीकडे माझे वरचे पेशकारसाहेब मान वर करून बघायला लागले. हे खरं खरं लिहून परभणीला गेलं असतं, तर वजीफा तर गेलाच असता, वर म्हातारपणी सरकारला फसवल्याचा खटला. मी आवाज खाली आणला आणि हुलिया काढला. 'डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाचा व्रण.' थोरल्यानं पागोटं वर सारलं. व्रण होता. त्याचं बघून धाकट्यानंही सारलं. तिथं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं हा माणूस नसलेला व्रण झाकत आला होता.

"वजीफा यांच्या नावे होईल," मी धाकट्याला म्हणालो. "तुम्ही इथं आलाच नाहीत. यापुढं या कचेरीची पायरी चढायची नाही. कळलं?"

त्यानं मान हलवली. थोरला मात्र हलेना. "साहेब, याचं नाव लावता येत न्हाई का? ह्यो बारका हाय, माझ्यामागं लय दिवस जगंल. मी गेल्यावर काय खाईल?"

"तुम्ही गेलात की वजीफा बंद. आणि खूण तुमच्या कपाळावर आहे, यांच्या नाही. मी काय करू? चला, निघा!" किती तुसडेपणानं बोललो मी! त्यानं रास्त तेच विचारलं होतं. त्याला सगळा हिशोब माझ्याआधी कळला होता.

वजीफा मंजूर झाला. दर सहा महिन्यांनी आपण हयात आहोत हे दाखवायला थोरला यायचा, अंगठा लावायचा, पैसे घ्यायचा. धाकटा खाली लिंबाखाली बसलेला असे. मीच पायरी चढू नको म्हटलं होतं ना. थोरला खाली गेला की निम्मे त्याच्या हातावर ठेवी, मग दोघं चिलीम ओढत आणि गावच्या वाटेला लागत. मी खिडकीतून बघत असे. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांनी एकदा वर एकटा माणूस आला. पागोटं हातात, डोकं तुळतुळीत भादरलेलं, मिशा नाहीत. भुवईवर काही नाही.

"दादा गेला, साहेब. त्याला लेकरू न्हाई, मागं येकली वैनी, तवा सगळं म्याच केलं. दहावं गंगाखेडला केलं."

पेशकारसाहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. मी उठलो, दार लोटून घेतलं आणि त्याच्या जवळ जाऊन म्हणालो, "बाबा, ऐका. ते पागोटं घाला. रोजच्यासारखं खाली ओढा. अंगठा लावा आणि जा. मी मान वर करणार नाही."

नियमावर बोट ठेवणारा मी हे म्हणालो, याचं मलाच नवल वाटलं. पण त्याचे गुडघे गेले होते, वावरात काही होत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. निम्मी नोकरी त्याची होती. आणि त्याच्या थोरल्याला मी जे तोडून बोललो होतो, ते दोन वर्षं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

तो शाईच्या गादीकडं बघत राहिला. हातही पुढं आला. अंगठा गादीच्या इतका जवळ गेला की मला वाटलं, झालं, सुटलो.

मग त्यानं हात मागं घेतला.

"वैनीनं कुंकू पुसलंय, साहेब. म्या अंगठा लावला की दादा जित्ता. मंग तिनं कुंकू कुनाचं पुसलं? सांच्याला तिच्या हातची भाकर कोनच्या तोंडानं खाऊ?"

मी खाली बसलो आणि थोरल्याच्या नावापुढं 'फौत', म्हणजे मयत, असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

तो उभाच होता. "येक इचारू? म्याबी निम्मी वर्सं केली. तेवढं कुटं लिवून ठिवता येतं का? पैशासाठी न्हाई. नुसतं लिवून."

"नाही," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं. कागदांच्या त्या सबंध मिसलीत त्याच्यासाठी एक ओळ नव्हती, आणि ती लिहायची माझी छाती झाली नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

"बरं," तो म्हणाला. त्यानं पागोटं डोक्यावर ठेवलं, सवयीनं डाव्या भुवईवर ओढलं, थबकला, आणि दोन्ही हातांनी वर सरकवून कपाळ मोकळं केलं. मग तो पायऱ्या उतरून गेला.