टपावरची पूजा

नामांतराच्या आंदोलनात परीक्षा दोनदा पुढं गेली, तरी मी बी.एस्सी. झालो. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरातला पहिला पदवीधर. बजाजनगरात कारखान्यात नोकरी लागली. त्याच साली काकानं लेण्यांजवळच्या फर्दापुरात चहाचं हॉटेल टाकायला एका परदेशी प्रवाशाची जुनी, आत राहायची सोय असलेली गाडी घेतली. तिच्या टपावर उन्हावर वीज करणारं पॅनल होतं. एकेक वायर धरून मी ते समजून घेतलं, मेलेली बॅटरी बदलली, जोडीला दुसरं पॅनल बसवलं. गाडीतला पंखा गरगरला.

खंडेनवमीनंतर पंखा मलूल झाला. सुट्टीला गेलो, तर काका गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "शिकलेलं येडं! उद्या भंगारात देतो हे. त्यापरीस मेंढरं राखली असती!"

माझं डोकंच फिरलं. टपावर चढलो, तर दोन्ही पॅनलवर हळदकुंकवाचा जाड लेप अन् वर झेंडूचे हार. ऊन आत जाणार कुठून?

"हे कुणी केलं?"

"मीच. यंत्राची पूजा नाय करायची व्हय?"

हार काढले, काच पुसली. पंखा सुसाट सुटला.

"देवी पावली!" काकानं हात जोडले.

"देवी नाय, माझं शिक्षण पावलं!" मी वरूनच ओरडलो अन् खाली उतरून हार स्टेअरिंगला बांधले.

पॅनल भंगारात गेलं नाही. पण पुतण्या बरोबर होता, हे काका कुणापुढं कधी बोलला नाही.