‘फिट’ या शब्दाशी कुमुदताईंचे भांडण

कुमुदताई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत सिएटलशेजारच्या रेडमंडजवळ, एका मिडल स्कूलच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली. ताई त्या शाळेत विज्ञान शिकवत आणि मी जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायच्या कामावर होते. सांगलीत गणित शिकवून आलेली मी इथे टेबले पुसत होते. त्या दिवशी एका मुलीला अपूर्णांक अडले होते, ते मी तिला समजावत होते. ताई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी मला मराठीतच विचारले, “तुम्ही वर्गात का नाही?” मी म्हटले, इथले शिकवायचे लायसन्स नाही. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. माझे काही चुकले असे मला वाटले, पण त्या आठीचा रोख माझ्याकडे नव्हता. परीक्षांच्या तयारीसाठी त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात बसवले आणि लायसन्स हाती येईपर्यंत सोडले नाही. आज मी त्याच शाळेत गणित शिकवते.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सगळे त्यांच्या कामाचे कौतुक करतील. मलाही करायचे आहे. पण ते काम आठवू लागले की कौतुकाआधी वैतागच येतो, कारण जी गोष्ट सरळ व्हायला हवी होती तिच्यासाठी ताईंना इतकी वर्षे झिजावे लागले.

आमच्या शाळेत मुले सगळ्या वर्णांची आहेत. शिक्षक मात्र जवळजवळ सगळे गोरे. यावर भागातल्या शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टने काय केले? भिंतींवर विविधतेची पोस्टर्स लावली. दर शरद ऋतूत आम्हाला दिवसभराचे प्रशिक्षण दिले, त्यात गोलात बसून भावना बोलून दाखवल्या, सँडविच खाल्ले आणि घरी गेलो. नेमणुका होत्या तशाच होत राहिल्या.

ताई निवृत्त झाल्या आणि स्थानिक रहिवासी म्हणून शाळेच्या निवड समितीवर बसू लागल्या. त्याच सुमारास मिस्टर एलिस यांची मुलाखत झाली. हे कृष्णवर्णीय शिक्षक आमच्याच शाळेत बदली शिक्षक म्हणून आठवीचे गणित शिकवत होते. कायम जागेसाठी त्यांनी पूर्वीही अर्ज केले होते आणि दर वेळी समितीचे मत एकच पडे: माणूस चांगला आहे, पण आपल्या शाळेत फिट बसेल का? ताईंनी शांतपणे विचारले, “फिट म्हणजे काय, ते मला समजावून सांगा. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला व्याख्या लागते.”  एकाने हसून विषय बदलला, तेव्हा ताईंनी तो पुन्हा तिथेच आणला. पुढच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी तोच प्रश्न विचारला. समितीतले लोक त्यांना टाळू लागले, पार्किंग लॉटमध्ये त्यांची गाडी दिसली की सुस्कारा टाकू लागले. अखेर ठरले की सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाने मुलांसमोर एक धडा घ्यायचा. असा धडा झाला आणि एलिससरांची निवड एकमताने झाली. इतकी साधी गोष्ट होती ती.

आता सगळे सुरळीत होईल असे मला वाटले. पण आडवी आली ती आपलीच माणसे. आठवीच्या काही मराठी पालकांनी मुलांसाठी एलिससरांऐवजी दुसरा वर्ग मागितला. त्यांच्यात अभिजित हा पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर पुढे होता. ताई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. पाऊस होता, त्याने आदराने आत घेतले, चहा केला. म्हणाला, “काकू, आम्ही रेसिस्ट नाही. पण मॅथ आहे, रिस्क कशी घ्यायची?” एलिससरांच्या शिकवण्यात काय खोट आहे, असे ताईंनी विचारले. त्याने बिस्किटांची बशी पुढे केली.

मग ताईंनी जे सांगितले ते मीही तोवर ऐकलेले नव्हते. त्या नागपूरहून येऊन सिएटलच्या दक्षिणेकडच्या एका शाळेत पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे उच्चार कळत नाहीत म्हणून पालकांनी मुलांचे वर्ग बदलून मागितले होते. तिथल्या मुख्याध्यापिका मिसेस हार्पर कृष्णवर्णीय होत्या. त्यांनी एकाचाही वर्ग बदलला नाही, आणि पालकांना ताईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास ऐकायला लावला. “त्या बाईंनी मला हाकललं असतं, तर मी आज तुझ्या सोफ्यावर बसून तुला समजावत नसते,” ताई म्हणाल्या. “तू एक तास ऐकून ये. मग बोल.”

अभिजित गेला, ऐकून आला. त्याने वर्ग बदलायची मागणी मागे घेतली. माफी वगैरे मागितली नाही, पण त्याचे पाहून बाकीचेही गप्प झाले.

आणि त्याच वसंतात नोकरकपात आली. सर्वांत नवा तो आधी बाहेर, हा नियम. एलिससरांची बदली शिक्षक म्हणून झालेली सगळी वर्षे शून्य धरली गेली आणि ते बाहेर पडले. ताई शिक्षण मंडळाच्या सभेत बोलल्या. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, मग मतदान झाले आणि कपातीच्या यादीतली नावे तशीच राहिली. परतताना गाडी मी चालवत होते. ताई म्हणाल्या, “टाळ्या कशाला वाजवतात गं?”

वर्षभराने जागा पुन्हा निघाली. ताईंनी एलिससरांना फोन केला. ते शेजारच्या गावात शिकवू लागले होते. त्यांनी फार सभ्यपणे सांगितले की ते थकले आहेत आणि आता पुन्हा सिद्ध करून दाखवायची त्यांची इच्छा नाही. मी ताईंसमोरच बसले होते. मला वाटले, ताई आता त्यांना पटवतील. पण त्या म्हणाल्या, तुमचे बरोबर आहे, येऊ नका. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढेच पाहिले.

त्यानंतर त्यांनी तो नियमच बदलायचा ध्यास धरला. बदली शिक्षकांत वेगवेगळ्या वर्णांचे लोक पुष्कळ, आणि कायम झाले की त्यांची आधीची सेवा पुसली जाते. ती मोजा, एवढीच मागणी. त्यासाठी त्यांना आमच्या शिक्षक युनियनशी भांडावे लागले, कारण त्यामुळे काही जुन्या शिक्षकांची ज्येष्ठता मागे पडणार होती. जुने सहकारी दुखावले, काहींनी बोलणे सोडले. ज्यांना त्यांनी एके काळी हाताला धरून शिकवले होते, त्यांनीही. अखेर या वर्षीच्या करारात ती सेवा मोजायचे मान्य झाले. पुन्हा कपात आली तेव्हा दोन शिक्षिका त्यामुळे टिकल्या. त्यांतली एक माझ्या शेजारच्या वर्गात शिकवते. एलिससर मात्र परत आले नाहीत, येणारही नाहीत. एका माणसाला वर्गात ठेवायला निघालेल्या ताईंच्या हाती शेवटी दुसऱ्याच दोघींची नोकरी आली. हा विजय म्हणायचा की काय, मला अजून ठरवता येत नाही. ताई ठरवत बसत नाहीत.

कुमुदताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांचा त्रास कमी होवो, लेकीकडे राहायला जाणे किती वर्षे पुढे ढकलले आहे, तेही घडो. मंगळवारी शिक्षण मंडळाची सभा आहे आणि तुम्ही निघायच्या तयारीत असाल, हे मला ठाऊक आहे. निघू नका. शेक घ्या, जेवा, लवकर झोपा. अभिजितने आणि मी बोलणाऱ्यांत आमची नावे दिली आहेत.