मामा, उंदीर आणि एक भजं

मी माणसाच्या आणि उंदराच्या मेंदूतल्या पेशींची तुलना करते. आईनं हे वाक्य भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत सांगत नेलं, तेव्हा वाटेत कुठेतरी त्यातला माणूस गळला. पुढे मेंदूही गळला. मूल गावी मामाच्या कानावर जाईपर्यंत मी नुसती उंदरांची डॉक्टर झाले होते.

मामाची मूलला छोटी राईस मिल आहे. डिसेंबरात मी सुट्टीवर आले, तेव्हा नवं धान येऊन मिल जोरात सुरू होती. पोचले त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"उद्या येऊन जा. एक उंदीर हाय."

"मामा, मी उंदीर पकडत नाही."

"पकडला हाय. तुले फक्त पाहाचा हाय."

खरं तर मी जिवंत उंदराच्या जवळही जात नाही. माझं काम संगणकावर चालतं. उंदरांच्या आणि माणसांच्या मेंदूतल्या पेशींची माहिती तयार होऊन माझ्यापुढे येते, आणि कुठली पेशी कुठल्या प्रकारात बसते ते मी ठरवते. शेपूट दिसली की मी खुर्चीवर चढते. पण हे मामाला सांगायची लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मूल गाठलं.

गोदामात पिंजरा होता. पिंजऱ्यात एक लहानसा उंदीर आणि त्याच्या बाजूला अख्खं कांदाभजं. त्यानं भज्याला तोंड लावलेलं दिसत नव्हतं.

"पंधरा दिवस यानं मले चकवलं," मामा म्हणाला. "याच्या डोक्यात असं काय हाय, जे माह्या डोक्यात नाई?"

मी दोन पावलं लांब उभी राहून पोत्यांकडे बोट दाखवलं. "समजा पेशींचे प्रकार म्हणजे धानाच्या जाती. कोणी जाड, कोणी बारीक, कोणी सुवासिक. उंदराच्या गोदामात ज्या जाती आहेत, जवळपास त्याच तुझ्याही गोदामात. फक्त कशाची पोती कमी, कशाची जास्त."

मामाला हे मुळीच आवडलं नाही. "म्हणजे मी अन् हा एकच?"

"जोडण्या वेगळ्या आहेत ना. काही पेशी दुसरीला 'चल' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात. माणसात थांब म्हणणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं, आणि त्या एकमेकींनाही थांब, थांब म्हणत बसतात."

मामी चहा घेऊन आली होती. तिनं शांतपणे कप ठेवले. "म्हणूनच तीन महिन्यांपासून टाकीचा नळ बसून नाई राह्यला," ती म्हणाली.

दोन हमाल हसले. तिथंच मामाचा स्वाभिमान जागा झाला. त्यानं मिल बंद करायला लावली आणि हमालांकडून पोत्यांच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या रचून घेतल्या. मामी आत कुठेतरी भजं लपवणार, गल्ल्यांच्या एका तोंडातून उंदीर सुटणार, दुसऱ्या तोंडातून मामा. पंच मी. पंचानं उंचावर असावं असं सांगून मी वजनकाट्यावर चढले. काट्यानं माझं वजन सगळ्यांना दाखवलं, पण मी उतरले नाही.

पिंजरा उघडला. उंदीर बाहेर आला, पहिल्याच पोत्याला टेकून बसला आणि तोंड धुऊ लागला. मामा मात्र आत घुसला. दोनदा त्याच भिंतीला जाऊन आदळला, एकदा उलटा फिरून बाहेरच आला आणि पुन्हा आत गेला. शेवटी कोपऱ्यातून त्याचा आवाज आला, "सापडलं!" आणि आम्हाला दाखवण्याआधीच त्यानं ते तोंडात टाकलं.

"अजी," मामी म्हणाली, "ते कालचं पिंजऱ्यातलंच होतं. उंदरासाठी मी दुसरं कुठून तळू?"

मामाचं चावणं थांबलं. थुंकावं तर हमाल बघत होते, गिळावं तर उंदीर. त्यानं डोळे मिटून गिळलं.

"मॅडम, जिंकलं कोण?" एका हमालानं विचारलं.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की एक उंदीर आणि एक मामा एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंना पुष्कळ लागतात.

"मामा एकच मिळन," मामी म्हणाली.

या गोंधळात उंदीर पोत्यांमागे कधी गेला, कोणालाच कळलं नाही.

मामा मला बसस्टँडवर सोडायला आला. मला खिडकीची जागा धरून दिली. मग म्हणाला, "पिंजऱ्यात त्याले भेव लागलं असन का?"

"लागलं असेल," मी म्हटलं. "भीतीचा कारभार त्याच्यात आणि आपल्यात बराच सारखा आहे."

"म्हणूनच भजं नाई खाल्लं त्यानं," मामा म्हणाला आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. माझ्या कामाबद्दल बोलताना कोणी उंदराला काय वाटलं असेल, असं कधी विचारलं नव्हतं.

पिंजरा मामानं माळ्यावर टाकला आणि एक मांजर आणलं. मांजर मिलच्या आवाजाला इतकं घाबरतं, की दिवसभर मामीच्या पलंगावर असतं. परवा मामाचा फोन आला, तुमच्याकडे मांजराच्या डोक्याचं कोणी पाहते का म्हणून. विचारून सांगते म्हटलं.